बारा पत्रांतलं एक

पत्र उघडलं तेव्हा क्लॉडेट पर्नेल जेवत होती. जेवत होती म्हणजे कोपराशी मसुरीच्या सुपाचा डबा उघडा होता, आणि ती लिफाफे फोडत होती. सप्टेंबरपासून हेच चाललं होतं. शाळेनं आपल्या जुन्या काळ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की इथले तुमचे दिवस कसे गेले ते मोकळेपणानं लिहा. आणि लोकांनी ते खरंच मनावर घेतलं होतं. विचारण्याची कल्पना विश्वस्तांची. लिफाफे फोडण्याचं काम क्लॉडेटचं, कारण तिच्या दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं: विविधता, समता आणि समावेशन, संचालिका. पाटी लांबीला पुरेना म्हणून शेवटचा शब्द खालच्या ओळीत, बारीक अक्षरात आला होता. या शुक्रवारी तिनं विश्वस्तांपुढे बारा पत्रं ठेवायची होती, नावं झाकून. एक्केचाळीस वाचून झाली होती. वाचता वाचता तिला त्यांची एक सवय झाली होती, जशी दवाखान्यात नाव लिहून घेणाऱ्या बाईला खोकल्यांची होते. दुसऱ्याच काळ्या मुलीच्या नावानं चार वर्षं हाका मारणारे शिक्षक. न विचारता केसांत घातलेली बोटं. ‘तुझी फी कोण भरतं गं?’ ती प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक खूण करायची, कसल्या प्रकारचं आहे त्याची, आणि पुढचा लिफाफा घ्यायची.

हे बेचाळिसावं. टाइप केलेलं, पाऊण पान. सुरुवात जरा वेगळी वाटली म्हणून तिनं चमचा डब्यात ठेवला.

‘ज्यांनी वाईट वागवलं त्यांच्याबद्दल बाकीचे लिहितीलच. मला एका चांगल्या बाईंबद्दल लिहायचं आहे. नववीत मी नवीन होते. दुसऱ्या मजल्यावर लॉकरपाशी उभी होते आणि हसले. कशाला ते आता आठवत नाही. मी तेव्हा फार मोठ्यानं हसायचे. आजोबा म्हणायचे, ही हसली की शेजारच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात. एक बाई आल्या. त्या मला गणित शिकवायच्या, आणि त्या मजल्यावर माझ्यासारख्या दिसणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्यांनी मला रिकाम्या वर्गात नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हे हसणं घरी ठेवून येत जा, बाळा. इथं ते वेगळं ऐकू येतं.” त्या रागावून बोलल्या असत्या तर मी विसरून गेले असते. त्या मायेनं बोलल्या. आणि गणित त्या इतकं छान शिकवायच्या, की त्यांचं दुसरं कुठलंच म्हणणं मी कधी पडताळून पाहिलं नाही. आज मी पस्तीस वर्षांची आहे. नवरा म्हणतो, तू हसताना तोंडावर हात ठेवतेस. मला ते माहीत नव्हतं.’

खाली सही होती. रोनेल टिब्ज.

पहिल्यांदा जे मनात आलं ते सांगायला बरं नाही, पण आलं ते हेच, की ‘गणित इतकं छान शिकवायच्या’. ते वाक्य वाचून क्लॉडेटला आतून जरा ऊब आली, आणि त्या उबेच्या मागोमाग, एखाद्या जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. तिनं पत्र पुन्हा वाचलं. मग डब्याचं झाकण लावलं. सूप तिथंच अर्धं राहिलं. बाहेर मैदानावर मुलींची हॉकी चालली होती, शिट्टी वाजत होती, आणि नोव्हेंबरचं पांढुरकं ऊन टेबलावर पडलं होतं. सगळं जिथल्या तिथं होतं. तिनं पेन्सिल उचलली आणि कोपऱ्यात कसली खूण करायची ते तिला सुचेना.

रोनेल टिब्ज तिला चांगली आठवत होती. इतकी वर्षं ती तिला आपल्या कमाईत धरत आली होती. वेस्ट फिलाडेल्फियाहून दोन बसगाड्या बदलून यायची, उंच, हाडापेरानं मोठी, बोटांना कायम शाई. पहिल्या सहामाहीत बीजगणितात काठावर पास, आणि अकरावीत वर्गात पहिली. विद्यापीठात गेली, विम्याच्या गणितात शिरली, हार्टफर्डच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीत लागली. नव्या पालकांपुढे बोलताना क्लॉडेट तिचं नाव न घेता तिच्याबद्दल सांगायची, ‘आमची एक मुलगी होती,’ असं. चार वर्षांत ती मुलगी किती बदलली, किती शांत, किती आत्मविश्वासू झाली, हेही सांगायची. शांत हा शब्द तिचाच. लोक माना डोलवायचे. आता खुर्चीत बसल्याबसल्या तिनं त्या मुलीचा नववीतला आवाज कानात आणायचा प्रयत्न केला, आणि आला. लोखंडी लॉकरांवरून, फरशीवरून, जिन्यातून खाली गेलेला तो आवाज एकवीस वर्षांनी आला, आणि त्या आवाजानं आपल्याला तेव्हा काय वाटलं होतं तेही आलं. भीती. लहान मूल रस्त्याच्या कडेला फार पुढं जाऊन उभं राहिलं की होते ती. मोटार अजून आलेलीही नसते.

ती भीती कुठली हे शोधायला लांब जायला नको होतं. तिची आई टपालखात्यात पत्रं वेगळी करायच्या कामाला होती. तेवीस नंबरच्या ट्रॅमनं ती दोन्ही मुलींना घेऊन गावात जायची, आणि ट्रॅमची पायरी चढायच्या आधी थांबून सांगायची, ‘आवाज पर्समध्ये टाका.’ आणि मुली खरोखर आपल्या छोट्या प्लॅस्टिकच्या पर्स उघडून, त्यांत फुंकर घालून, बंद करायच्या. तो खेळ होता. क्लॉडेटला तो आवडायचा. धाकटी मॅक्सीन मधेच पर्स उघडून एक शब्द बाहेर काढायची आणि पटकन झाकण लावायची, आणि आईसुद्धा ओठ दाबून हसायची. आईचं म्हणणं होतं, आपण गप्प असलो की ते आपल्याला विसरतात, आणि ते आपल्याला विसरले की आपलं काम होतं. या म्हणण्यावर तिनं दोन मुली शिकवल्या, घर घेतलं. त्यात चूक काढायची कशी? क्लॉडेट तेहेतिसाव्या वर्षी या शाळेत गणित शिकवायला आली तेव्हा आवाज पर्समध्ये टाकूनच आली होती. क्वेकर लोकांची, म्हणजे मौनात बसून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, शाळा. इथं मुलं शिक्षकांना पहिल्या नावानं हाक मारतात, टीचर क्लॉडेट म्हणतात, आणि दर गुरुवारी सगळी शाळा एका मोठ्या खोलीत बाकांवर गप्प बसते. गप्प बसणं तिला आधीपासूनच येत होतं. लोक म्हणाले, किती पटकन रुळलीस.

दार वाजलं आणि मेरिडिथ आत डोकावली. मेरिडिथ म्हणजे मुख्याध्यापिका. तीन वर्षांपूर्वी बोस्टनहून आलेली, क्लॉडेटपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, नेहमी घाईत आणि मनानं चांगली.

“झाली का गं बारा? विश्वस्तांकडून लॉइडचा दोनदा फोन आला. छापायला द्यायचंय म्हणतो.”

“अकरा झालीत,” क्लॉडेट म्हणाली.

“मग एकासाठी कशाला अडलीस? घे कुठलंही. सगळीच भयंकर आहेत.” आणि मग स्वतःच्याच बोलण्याचं तिला कसंतरी वाटलं असावं. “म्हणजे, तू समजलीस.”

“समजले. उद्या देते.”

ती गेल्यावर क्लॉडेटनं ते पत्र टेबलाच्या वरच्या खणात ठेवलं आणि खण लावला. मग उघडला, पत्र आहे ना ते पाहिलं, पुन्हा लावला. हे पत्र द्यायचं नाही याला एक कारण होतं, आणि ते कारण खरं होतं. ती विश्वस्तांना ओळखत होती. वाईट माणसं नव्हती ती. अकरा पत्रं वाचून ते खाली मान घालून बसले असते, आणि मग बारावं हातात आलं असतं आणि त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं असतं. बघा, किती गुंतागुंतीचं आहे हे. बघा, नुसते गोरेच असे वागतात असं नाही. त्या एका पत्राच्या आडोशाला बाकीची अकरा गेली असती. हे सगळं अगदी बरोबर होतं. फक्त, ते इतकं बरोबर होतं आणि इतकं सोयीचं होतं, की ते कुणाच्या बाजूनं आहे ते तिला ठरवता येईना. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर यायचं आणि पायऱ्या चुकलेल्या असायच्या, तेव्हा ती निम्मे गुण कापायची.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सकाळची मौनसभा. तीनशे मुलं, लाकडी बाकं, कुणाच्यातरी पोटातली गुडगुड, कुणाच्यातरी जाकिटाची चेन. क्लॉडेट नेहमीच्या जागी, खिडकीकडून दुसऱ्या बाकावर बसली आणि शोधायला लागली. कुणीतरी सांगितलं असणार. कुणीतरी तिला बाजूला घेऊन म्हणालं असणार, ‘क्लॉडेट, त्या नवीन मुलीला जरा समजाव ना, तुझं ऐकेल.’ असं बोलणं व्हायचं. पुढं कितीदा झालं होतं. तिनं त्या काळचे एकेक चेहरे काढून पाहिले. तेव्हाचे मुख्याध्यापक: ते कधी दुसऱ्या मजल्यावर यायचेच नाहीत. इतिहासाचा तो तिरसट माणूस: त्याला कानानं कमी ऐकू यायचं. लॉइड पॅशल तेव्हा पालक होता, विश्वस्त नव्हता; त्याच्या तोंडी ते वाक्य घालून बघितलं तर चपखल बसत होतं, त्याच्या आवाजात ऐकूसुद्धा येत होतं, आणि क्लॉडेट क्षणभर मनापासून सुखावली. पण ते खरं नव्हतं. ते तिनं आत्ता बनवलं होतं. खरं जे होतं ते असं: रोनेल हसली. क्लॉडेट आपल्या वर्गाच्या दारात उभी होती. समोरच्या वर्गातून टीचर प्रिसिला उठली. इंग्रजी शिकवायची, सगळ्यांची लाडकी, क्लॉडेट आली त्या पहिल्या आठवड्यात घरी केलेला भोपळ्याचा केक घेऊन आलेली. प्रिसिला दारापाशी आली, क्लॉडेटकडे बघून गोड हसली, आणि आपलं दार लावून घेतलं. हळूच, कडीचा आवाजही होऊ न देता. एवढंच. कुणी काही म्हणालं नाही. प्रिसिलाला कदाचित वाराही लागत असेल. आणि क्लॉडेट आपल्या दारातून निघाली आणि लॉकरांकडे चालू लागली.

मौनसभेत कुणाला आतून वाटलं तर उठून बोलायची मुभा असते. त्या दिवशी सहावीतला एक मुलगा उठून आपल्या मेलेल्या कासवाबद्दल बोलला. मग पुन्हा सगळे गप्प झाले. क्लॉडेटला वाटलं आपण उठू. गुडघ्यांनी तशी तयारीही केली. ती उठली नाही. शेवटी रिवाजाप्रमाणे शेजाऱ्याशी हात मिळवायचे असतात. शेजारी आठवीतली कुणी मुलगी होती, तिचा हात घामट आणि गरम होता, आणि क्लॉडेटनं तो जरा जास्त वेळ धरून ठेवला असावा, कारण मुलीनं वर पाहिलं.

ऑफिसात येऊन तिनं दार लावलं, माजी विद्यार्थ्यांच्या यादीतला नंबर काढला आणि फोन केला. पलीकडून लगेच उचलला.

“टीचर क्लॉडेट बोलतेय. शाळेतून.”

“ओळखला आवाज,” रोनेल म्हणाली. आवाज खालच्या पट्टीतला, मोजून काढलेला, फार चांगला. “मला वाटलं होतं फोनला दोन महिने लागतील. तुम्ही दोन आठवड्यांत केलात.”

“तुला माहीत होतं, पत्रं मी उघडते ते?”

“शाळेच्या कागदावर तुमचीच सही होती की. अगोदर वाटलं, हे विचारणारं कोण आहे ते बघावं. बघितलं आणि म्हटलं, वा!” ते ‘वा’ कोरडं होतं. “बोला. माफी मागायला फोन केलाय, की परवानगी मागायला?”

“दोन्ही,” क्लॉडेट म्हणाली.

“एका फोनला एकच काम करा, टीचर क्लॉडेट. मी ऑफिसात आहे.”

“मग परवानगी. उद्या विश्वस्तांपुढे बारा पत्रं जायची आहेत. तुझं त्यात घालू का? तू नको म्हणालीस तर इथंच राहील.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं, हे वाचून त्यांना बरं वाटेल.”

पलीकडं काहीतरी झालं, हसण्यासारखं. नाकातून आलेला नुसता वारा. “वाटणारच. मग? त्यांना बरं वाटेल म्हणून मी गप्प बसू? मी चांगली दोन दशकं त्यासाठीच दिलीत.” मागं कुणीतरी प्रिंटरला शिव्या देत होतं. “घाला,” रोनेल म्हणाली. “पण माझं नाव झाका आणि तुमचं सांगा. नाहीतर सगळे मनात म्हणतील, कोण असेल बरं ती, आणि तुमच्याकडे बघायचं टाळतील. मला ते नकोय. बाकी तुम्ही काय समजावून सांगायचं ते सांगा, नाही सांगायचं ते नका सांगू. ठेवते.”

शुक्रवारी दुपारी तीन वाजता वाचनालयामागच्या खोलीत सगळे जमले. नऊ विश्वस्त, मेरिडिथ आणि क्लॉडेट. मधे सफरचंदाचा रस आणि बिस्किटं. लॉइड पॅशल अध्यक्षाच्या खुर्चीत. सत्तरीचा, ताठ, जुन्या क्वेकर घराण्यातला, कोपरांना ठिगळं लावलेला स्वेटर घालणारा श्रीमंत माणूस. पत्रं त्यांनी आधीच घरी वाचलेली होती. पहिल्या अकरांवर चर्चा झाली. सगळे हळू आवाजात बोलले, एकदोघांनी चष्मे पुसले. कुणीतरी विचारलं, शिक्षकांसाठी दोन दिवसांचं शिबिर घेता येईल का. मग बारावं आलं, आणि लॉइडनं कागद उचलून म्हटलं, “हे मात्र मला फार लागलं. ही बाई कोण, हे विचारणं बरोबर नाही, पण—”

“ती मी,” क्लॉडेट म्हणाली.

मग जे होणार हे तिला ठाऊक होतं ते झालं, आणि तिला वाटलं होतं त्याहून प्रेमानं झालं. उजवीकडची बाई उठून आली आणि तिनं क्लॉडेटच्या पाठीवर हात ठेवला. कुणी म्हणालं, किती धैर्य लागतं याला. कुणी म्हणालं, तुम्ही तर त्या मुलीच्या भल्यासाठीच बोललात. मेरिडिथच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणाली, “क्लॉडेट, जानेवारीत सगळ्या शिक्षकांपुढे तू हे सांगशील का? तुझ्या तोंडून ऐकलं ना, की लोकांना कळेल.” खोलीतली हवाच बदलली. लोक खुर्च्यांत मागं टेकले, बिस्किटांची बशी फिरली. स्वतःला आलेले अनुभव आठवायला लागले. एकाला त्याची आयरिश आजी आठवली, जी प्रतिष्ठित बायकांत जोरात बोलायला भ्यायची. क्लॉडेट ऐकत होती, मान हलवत होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. हे तिच्या हिशोबात नव्हतं. या माणसांत सव्वीस वर्षं काढून आज पहिल्यांदा ती त्यांच्यातली एक झाली होती, आणि त्यासाठी तिला फक्त रोनेल टिब्जला त्यांच्या हाती द्यावं लागलं होतं.

लॉइड म्हणाला, “माझं मत असं, की छापताना हे पत्र सगळ्यांत पहिलं घ्यावं. बाकीची मागं, परिशिष्टात. यात सगळंच आलं.”

क्लॉडेटनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शिक्षकी सवय, तास किती गेला, किती उरला.

“लॉइड,” ती म्हणाली, “आपण तीन वाजता बसलो. पहिली अकरा पत्रं वीस मिनिटांत झाली. माझ्यावर पंचेचाळीस मिनिटं झालीत.”

“अहो, महत्त्वाचंच आहे ते.”

“आहे ना. पण मला कुणी विचारलं नाही, की तुम्ही असं का केलंत.”

“कुणी सांगितलं होतं का तुम्हाला?” लॉइडनं विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. आता नाव येईल, असं सगळ्यांनाच वाटलं असावं. बशी फिरायची थांबली.

“नाही. कुणीच नाही. ती मुलगी हसली आणि समोरच्या वर्गाचं दार कुणीतरी लावलं. हळूच. एवढंच झालं. मी आपणहून तिच्याकडे गेले.”

“कुणाचं दार?” पाठीवर हात ठेवणाऱ्या बाईनं विचारलं.

क्लॉडेटला प्रिसिलाचा चेहरा दिसला, तो केकचा डबा, त्याच्यावर बांधलेली दोरी. प्रिसिलाला जाऊन सहा वर्षं झाली होती. नाव सांगितलं तर सगळे एकमेकांकडे बघून हळहळतील, अरे देवा, प्रिसिला? आणि मग ते प्रिसिलाचं होऊन जाईल. “ते नाही मी सांगणार,” ती म्हणाली. “ज्यांनी लावलं त्यांच्या लक्षातही राहिलं नसेल. तुम्ही तुमची दारं आठवून बघा. आणि आता मला बाकीची अकरा पत्रं मोठ्यानं वाचायची आहेत. प्रत्येकानं एकेक. आहे वेळ?”

कुणीही वेळ नाही म्हणू शकलं नाही. मेरिडिथनं पहिलं घेतलं. मोठ्यानं वाचताना तिला शब्द अडकत होते. जे डोळ्यांनी सहज वाचून झालं होतं ते तोंडातून जाईना. लॉइडच्या वाट्याला एका मुलाचं पत्र आलं, ज्याला रोज सकाळी फाटकावरचा रखवालदार विचारायचा, तू इथलाच का रे? चार वर्षं, तोच रखवालदार, तोच प्रश्न. लॉइडनं ‘तू इथलाच का रे’ हे वाक्य पत्रात जितक्यांदा होतं तितक्यांदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा त्याचा आवाज नुसता वाचणाऱ्याचा राहिला नाही, विचारणाऱ्याचा झाला, आणि त्याला ते ऐकू आलं. त्यानं पत्र खाली ठेवलं, पाणी प्याला, पुन्हा उचललं. सगळं संपायला पावणेसहा झाले. एकदोघांनी क्लॉडेटचा निरोप न घेताच कोट चढवले, आणि त्या गोष्टीचं तिला जरा वाईट वाटलं, वाटायला नको होतं तरी.

पत्रं छापली गेली ती सालाच्या क्रमानं. बारांत रोनेलचं आठवं आलं. क्लॉडेटनं पत्रांसोबत मागितलेल्या पाच गोष्टींपैकी दोन विश्वस्तांनी वसंत ऋतूत मंजूर केल्या: रखवालदारांसाठी नवा नियम, आणि मुलांच्या तक्रारी ऐकायला शाळेबाहेरचं माणूस. शिक्षकांपुढे जानेवारीत बोलायला ती नाही म्हणाली. मेरिडिथ थोडे दिवस घुश्श्यात होती. जूनमध्ये क्लॉडेटनं पाटी उतरवून ठेवली आणि नववीचे दोन बीजगणिताचे वर्ग मागून घेतले. तिच्या जागी अटलांटाहून कुणी तरुण बाई आली, हुशार, आणि तिच्या हुद्द्यात समावेशनऐवजी आपलेपणा असा शब्द आला. पण हे पुढचं. त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, क्लॉडेटनं स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच दुसरा फोन केला.

“हे दुसरं काम,” ती म्हणाली. “माफीचं.”

“थांबा,” रोनेल म्हणाली. दूर कुठंतरी टीव्हीवर कार्टूनचा गोंगाट चालला होता. दार लागलं, आवाज कमी झाला. “हां. बोला.”

क्लॉडेटनं रात्री वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही आता नको वाटलं. “मी तुला गप्प केलं. कुणी न सांगता केलं. आणि तू गप्प झालीस ते बघून मी खूश झाले, लोकांना सांगत फिरले. त्याची माफी मागते.”

रोनेल म्हणाली, “ते सांगत फिरल्याचं मला माहीत नव्हतं.”

“माहीत असावं म्हणून सांगितलं.”

“बरं झालं की वाईट झालं, कुणास ठाऊक.” “हे बघा, मी माफबिफ केलं असं काही म्हणणार नाही. आत्ता तरी नाही.”

“नको म्हणूस.”

“मला वाटलं तुम्ही रडाल.”

“मी एकटी रडते,” क्लॉडेट म्हणाली. “तू हे आत्ताच का लिहिलंस गं, इतक्या वर्षांनी? शाळेनं विचारलं म्हणून?”

“शाळेचा कागद दोन महिने पडून होता. फाडणार होते.” रोनेलचा आवाज बदलला, मघाचा मोजून काढलेला राहिला नाही. “मला मुलगी आहे, नऊ वर्षांची. नोव्हा. गेल्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला आम्ही जेवायला गेलो होतो, बऱ्यापैकी ठिकाणी, टेबलांवर पांढरी कापडं असलेल्या. तिचा बाप काहीतरी विनोद करायला गेला आणि ती हसली. कसं सांगू तुम्हाला, आजोबांचीच पोरगी. आणि मी तिच्या मनगटाला धरलं आणि म्हटलं, हळू. सगळे बघतायत.”

क्लॉडेट ओट्याला टेकून उभी होती. किटली तापत होती ती तिनं बंद केली.

“मग?”

“मग तिनं मान वळवून बघितलं. अगदी नीट, एकेक टेबल. आणि मला म्हणाली, ‘आई, कुणीच बघत नाहीये.’ मीही बघितलं, टीचर क्लॉडेट. खरंच कुणी बघत नव्हतं. सगळी माणसं आपापलं जेवत होती. आणि मला त्या पोरीचा इतका राग आला, इतका राग आला, की तो तोंडात मावेना. बरोबर होती ती, म्हणूनच आला.”

“मग काय केलंस?”

“काय करणार? केक आला, मेणबत्त्या विझवल्या, घरी आलो. ती झोपल्यावर मी तुम्हाला लिहिलं. तिला अजून काहीच म्हणाले नाही. तुम्ही आत्ता मला म्हणालात तसं म्हणता येईल असं वाटत होतं, तुमचं ऐकल्यावर. पण ती इथं बाहेरच बसलीय आणि मला दार उघडून जाता येत नाहीये.”

“जा,” क्लॉडेट म्हणाली. “मी फोन धरून ठेवते.”

पलीकडं फोन कुठंतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. दार उघडलं. टीव्हीचा गोंगाट आत आला आणि मग कुणीतरी तो बंद केला. पुढचं काही ऐकू येत नव्हतं. दोन आवाज, एक खालचा, एक वरचा, शब्द न कळणारे. क्लॉडेटनं ते ऐकायचा प्रयत्न केला नाही. ती स्वयंपाकघरात उभी राहिली, हात गार पडेपर्यंत फोन कानाशी धरून, आणि त्यांचं होईतो थांबली.